जर्मनीतील विद्यापीठांची भाषाकेंद्रे : वर्गाबाहेरच्या सोयी आपली मुले का वापरत नाहीत?

चौकस :

जर्मनीतील बहुतेक विद्यापीठांमध्ये भाषाकेंद्र नावाची एक स्वतंत्र व्यवस्था असते. नावे निरनिराळी आहेत. आखेन किंवा म्युनिकला त्याला सरळ श्प्राखेनत्सेंट्रुम म्हणतात, तर हायडेलबर्गमध्ये 'मध्यवर्ती भाषा-प्रयोगशाळा' असे जुन्या वळणाचे नाव टिकून आहे. जर्मन साहित्याच्या विभागाशी या केंद्राचा फारसा संबंध नसतो. तिथे भाषेची पदवी मिळत नाही; विद्यापीठात नाव नोंदवलेल्या कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याने तिथे जावे आणि आपल्याला लागेल तेवढी भाषा शिकावी, एवढाच त्याचा हेतू असतो.

२०२२-२३ च्या हिवाळी सत्रापासून जर्मनीतील परदेशी विद्यार्थ्यांमध्ये भारतीयांची संख्या सर्वाधिक आहे. २०२३-२४ मध्ये ती सुमारे ४९ हजार होती. यांपैकी बरेच जण इंग्रजी माध्यमातील मास्टर्ससाठी येतात, प्रवेशासाठी त्यांना जर्मनची अट नसते, आणि म्हणूनच जर्मन शिकणे 'पुढच्या सत्रात बघू' या खात्यावर टाकले जाते. नोकरी शोधायची वेळ आली की मग धावपळ सुरू होते. गेली काही वर्षे नव्याने आलेल्या मुलांना मी हाताशी धरून विद्यापीठाच्या कार्यालयांत नेत आलो आहे, त्यामुळे हे चित्र मला चांगले परिचयाचे झाले आहे.

थोडा हिशेब मांडतो. भाषाकेंद्राचा नेहमीचा वर्ग आठवड्याला चार तासिकांचा, म्हणजे ४५ मिनिटांच्या चार तासांचा असतो. एका सत्रात अध्यापनाचे आठवडे साधारण १४ धरले तर ५६ तासिका होतात. दोन वर्षांच्या मास्टर्समध्ये चारही सत्रे नेटाने वर्ग केला तरी बेरीज २२४ वर थांबते. युरोपात भाषेचे ज्ञान ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१, सी-२ अशा सहा चढत्या पातळ्यांनी मोजतात. जर्मन भाषेचे वर्ग आणि परीक्षा घेणाऱ्या ग्योटे संस्थेच्या अंदाजानुसार ए-२ पातळी गाठायला २०० ते ३५० आणि बी-१ पातळी गाठायला ३५० ते ६५० तासिका लागतात. म्हणजे केवळ आठवडी वर्गावर विसंबणारा कष्टाळू विद्यार्थीसुद्धा पदवी हाती येईपर्यंत फार तर ए-२ च्या उंबरठ्यावर पोहोचतो. त्यातही शेवटचे सत्र प्रबंधाचे असते, तेव्हा वर्ग कोण करतो?

भाषाकेंद्रे चालवणाऱ्यांना हा हिशेब ठाऊक असतो, म्हणूनच त्यांनी वर्गाच्या भोवती इतर सोयी उभ्या केल्या आहेत : सुट्टीतील सघन वर्ग, स्वयंअध्ययन केंद्र, भाषा-शिक्षण सल्लागार, टँडम जोडीदार (आपली भाषा देऊन आपल्याकडून दुसरी शिकणारा सोबती), लेखन-मार्गदर्शन, संभाषणाच्या संध्याकाळी. आपली मुले वर्गाला जागा मिळाली नाही की हात झटकून मोकळी होतात, आणि या सोयींकडे फिरकत नाहीत. हे असे का होते, आणि ज्यांनी या सोयी वापरल्या त्यांचा अनुभव काय आहे, हे जाणून घेण्यासाठी हा धागा काढला आहे.


गोदाकाठ :

धागा अगदी वेळेवर आला. मी येत्या ऑक्टोबरमध्ये यांत्रिकीच्या मास्टर्ससाठी येत आहे. नाशिकमध्ये ए-२ पूर्ण केले असून प्रमाणपत्रही आहे. सीनियर मुले सांगतात की भाषाकेंद्राची नोंदणी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या मिनिटाला सुरू होते आणि पाहता पाहता जागा संपतात. माझ्या विद्यापीठाने प्रवेशपत्र दिले आहे, परंतु संगणक-खाते अद्याप दिलेले नाही, आणि त्या खात्याशिवाय नोंदणी होत नाही. अशा वेळी काय करावे? आणि माझे ए-२ चे प्रमाणपत्र दाखवले तर थेट बी-१ च्या वर्गात बसता येते का?


सांजसावली :

गोदाकाठ, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देते, कारण पुण्यात बरीच वर्षे जर्मन शिकवताना हा प्रश्न मला दरवर्षी ऐकावा लागत असे.

काही केंद्रे अलीकडच्या तारखेचे मान्यताप्राप्त प्रमाणपत्र स्वीकारतात, परंतु बहुतेक ठिकाणी पातळी-निश्चितीची चाचणी द्यावी लागते, आणि ती बहुधा 'सी-टेस्ट' प्रकारची असते. क्रिस्टिने क्लाइन-ब्रेली आणि उलरिश राट्झ यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी हा प्रकार विकसित केला. एक छोटा उतारा देतात, त्याचे पहिले वाक्य अखंड ठेवतात आणि पुढे दर दुसऱ्या शब्दाचा उत्तरार्ध पुसून टाकतात. तो आपण भरायचा. अनेक विद्यापीठे वापरतात त्या 'ऑनसेट' या संगणकीय चाचणीत असे आठ उतारे असतात, प्रत्येकात २० गाळलेल्या जागा, प्रत्येकाला पाच मिनिटे. एकूण गुण १६०.

वरवर पाहता हा शब्दकोड्याचा खेळ वाटतो, पण त्यात लपवाछपवी चालत नाही. शब्द आठवला तरी त्याचे विभक्तिप्रत्यय, लिंग, क्रियापदाचे रूप हे सगळे शब्दाच्या शेपटीत असते, आणि नेमकी शेपटीच पुसलेली असते. आठवी ते दहावी शाळेत जर्मन घेऊन नव्वदच्या पुढे गुण मिळवलेल्या आपल्या मुलांची इथे तारांबळ उडते. त्यांना शब्द माहीत असतात, पण ते धावत्या मजकुरात ओळखण्याची सवय नसते. ए-२ चे प्रमाणपत्र असलेला मुलगा ए-२ च्याच पहिल्या भागात बसवला गेला तर त्यात अपमान वाटून घेण्यासारखे काही नाही. उलट चाचणीच्या आधी कोणाकडून उत्तरे घेऊन वरच्या वर्गात शिरलेली मुले तिसऱ्या आठवड्यात गप्प होतात आणि पाचव्या आठवड्यात येईनाशी होतात.

तयारी म्हणून एवढेच करावे : जुने व्याकरण घोकण्यापेक्षा रोज एक सोपी बातमी वाचावी, आणि घड्याळ लावून वाचावी.


चौकस :

गोदाकाठ, संगणक-खात्याची अडचण खरी आहे. प्रवेश निश्चित करून सत्रशुल्क भरले आणि आरोग्यविम्याची नोंद विद्यापीठाकडे पोहोचली की मगच नाव नोंदले जाते, आणि नंतर खाते सुरू होते. यांतील विमा हा टप्पा आपल्याकडून उशिरा होतो. तो भारतात असतानाच उरकता येतो. तरीही मुदत चुकली तर निराश होऊ नये. पहिल्या तासाला न आलेल्यांची जागा अनेक केंद्रे प्रतीक्षायादीतील विद्यार्थ्यांना देतात, म्हणून पहिल्या तासाला वर्गाच्या दारात प्रत्यक्ष हजर राहावे आणि शिक्षिकेला भेटावे. ए-१ च्या वर्गांना गर्दी सर्वाधिक असते. घरून ए-२ करून आलेल्यांना त्या मानाने मोकळीक मिळते. तुमची बाजू त्यामुळे भक्कमच आहे.


रोखठोक :

मला या सगळ्यात थोडी भाबडी श्रद्धा दिसते. मी स्वतः भाषाकेंद्राच्या वर्गात एक सत्र बसलो. संध्याकाळी सहा ते साडेसात, दिवसभर प्रयोगशाळेत राबून आल्यावर. वर्गात अठरा-वीस जण, आठ देशांचे. आपसात सगळे इंग्रजीत बोलणार. पुढे मी वर्ग सोडला आणि एका सुपरमार्केटच्या गोदामात अर्धवेळ काम धरले, तिथे सहकारी जर्मन आणि तुर्की होते, इंग्रजी कोणालाच येत नव्हते. माझे बोलणे सुधारले ते तिथे, आणि वर पैसेही मिळाले. आज मी बर्लिनमध्ये सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात आहे आणि कार्यालयात इंग्रजीवर भागते. प्रत्येक मुलाला भाषाकेंद्राच्या दाराशी नेऊन उभे करण्याऐवजी, ज्याला जशी गरज असेल तशी त्याने भाषा शिकावी, असे मला वाटते.


दक्षिणायन :

रोखठोक, गोदामातील जर्मन मी कमी लेखणार नाही, कारण ती बोलीभाषा वर्गात मिळत नाही हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. परंतु बर्लिनमधील सॉफ्टवेअर हा अपवाद आहे. तो नियम मानून यांत्रिकी, स्थापत्य किंवा औषधनिर्मिती शिकणाऱ्या मुलांनी बेत आखू नयेत. मध्यम आकाराच्या जर्मन कारखान्यात, विशेषतः लहान गावांतील कुटुंबांच्या मालकीच्या उद्योगांत, बैठकीची भाषा जर्मनच असते.

दुसरे, कायदा. ब्लू कार्डधारकाला (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या वास्तव्य-परवान्याच्या धारकाला) कायम वास्तव्याचा परवाना ए-१ पातळीच्या जर्मनवर २७ महिन्यांनी मिळतो, बी-१ असेल तर २१ महिन्यांनी. जर्मन पदवी घेऊन इतर कुशल कामगार-परवान्यावर असलेल्यांना दोन वर्षांनी मिळतो, पण तिथे बी-१ लागतेच. नागरिकत्वासाठीही बी-१ हवे. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, आणि ते ए-१ च्या वर्गात घालवणे हा महागडा सौदा आहे, कारण तोपर्यंत विद्यार्थी म्हणून मिळणारी भाषाकेंद्राची सवलत संपलेली असते आणि खाजगी संस्थेचे शुल्क खिशातून द्यावे लागते.

आता मूळ विषयाकडे. मी पीएच.डी. करत असताना मला सर्वांत उपयोगी पडली ती लेखन-मार्गदर्शनाची सेवा. अर्ध्या-पाऊण तासाची भेट ठरवायची, आपल्या मजकुराची चार-पाच पाने आधी पाठवायची. मार्गदर्शक चुका दुरुस्त करून देत नाहीत, हे आधीच स्पष्ट करतात, आणि ते प्रथम अनेकांना खटकते. वाक्य कुठे अडले आहे हे ते दाखवतात, आणि ते आपण सोडवायचे. जर्मनबरोबर इंग्रजीतील शास्त्रीय लेखनासाठीही ही सोय पुष्कळ ठिकाणी असते. 'आमचे शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाले आहे, आम्हाला कशाला?' असे म्हणून आपली मुले तिकडे जात नाहीत. मग प्रबंधाचा पहिला मसुदा प्राध्यापकांकडून लाल रेघांनी भरून येतो.

ज्यांना नोकरीच्या अर्जाला जोडण्यासारखा दाखला हवा आहे त्यांनी 'युनिसर्ट' ची चौकशी करावी. भाषाकेंद्रांच्या संघटनेने १९९२ मध्ये ही विद्यापीठीय प्रमाणपत्रपद्धती सुरू केली. तिची पहिली पायरी बी-१ च्या, दुसरी बी-२ च्या आणि तिसरी सी-१ च्या तोडीची धरतात. नुसत्या वर्गाला हजेरी लावल्याचा दाखला आणि परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परदेशी नागरिक कार्यालयात कोणता कागद चालेल, हे तिथे आधी विचारून घ्यावे.


पंचगंगा :

मी कोल्हापूरहून लिहितो आहे. माझी मुलगी पुढील वर्षी जर्मनीला जाण्याच्या तयारीत आहे. येथील एका सल्लागार संस्थेने 'बी-१ इथेच करून घ्या, तिकडे काहीच मिळत नाही' असे सांगून मोठी रक्कम मागितली आहे. दुसऱ्या बाजूला मुलीची मैत्रीण म्हणते की तिकडे विद्यापीठात सगळे फुकट असते. आमच्यासारख्यांनी कोणाचे ऐकावे?


सांजसावली :

पंचगंगा साहेब, दोघांचेही अर्धेच ऐकावे. भाषाकेंद्राचे सत्रातील वर्ग काही विद्यापीठांत विनामूल्य असतात, काही ठिकाणी त्यांना माफक शुल्क असते, आणि सुट्टीतील सघन वर्गांना बहुधा वेगळे पैसे पडतात. 'सगळे फुकट' ही अफवा आहे आणि 'काहीच मिळत नाही' ही विक्रीची भाषा आहे.

वर्षभर हातात आहे, तर ए-२ पर्यंत इथेच शिकवून पाठवावे, असा माझा सल्ला आहे. शिक्षण कोणत्या संस्थेत झाले यापेक्षा परीक्षा कोणत्या संस्थेची दिली याला तिकडे महत्त्व असते. पुण्यात मॅक्सम्युलर भवन (ग्योटे संस्थेची शाखा) आहे, तसेच फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. तिथून शिकून गेलेल्या अनेक पिढ्या आहेत. बी-१ चा आग्रह मात्र घरून धरू नये. बी-१ ला भाषा बोलण्यात उतरावी लागते, आणि ज्या शहरात दुकानाच्या पाट्यांपासून घरमालकाच्या पत्रापर्यंत सगळे जर्मनमध्ये आहे तिथे ते काम निम्म्या श्रमात होते.

आणखी एक. मराठी मुलांना जर्मन उच्चारांची उगीच भीती घातली जाते. जर्मनमधला 'झेड' हे अक्षर आपल्या 'चाक' मधल्या च सारखे उच्चारायचे असते, जे अनेक भारतीय भाषकांना जमत नाही आणि आपल्याला आईच्या मांडीवरच येते. तीन लिंगेही आपल्याला नवी नाहीत. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाते, याचे इंग्रजांना नवल, आपल्याला नाही.


चौकस :

रोखठोक यांनी वर्गावर घेतलेले आक्षेप मला मान्य आहेत, आणि म्हणूनच धाग्याच्या शीर्षकात मी 'वर्गाबाहेरच्या' हा शब्द घातला आहे. वर्गात अठरा जण असतील तर नव्वद मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला बोलायला चार-पाच मिनिटे येतात. ती उणीव टँडम भरून काढतो.

टँडमची कल्पना अशी : मला जर्मन हवी आहे, समोरच्याला माझी भाषा हवी आहे, दोघांनी आठवड्यातून एकदा भेटायचे, निम्मा वेळ एक भाषा, निम्मा वेळ दुसरी, पैशांचा व्यवहार नाही. बोखुमच्या रूर विद्यापीठात हेल्मुट ब्रामर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात या पद्धतीला शिस्तशीर रूप दिले आणि इंटरनेटवरून जोड्या जुळवणारे विद्यापीठांचे जाळेही उभारले. तिची दोनच सूत्रे आहेत : देवाणघेवाण समसमान असावी, आणि आपण काय शिकायचे हे प्रत्येकाने स्वतः ठरवावे. पहिले सूत्र मोडते तेव्हा टँडम बंद पडतो. चौथ्या भेटीपासून दोघेही सोयीच्या भाषेत, म्हणजे इंग्रजीत, गप्पा मारू लागतात आणि मैत्री टिकली तरी जर्मन मागे पडते. म्हणून मी मुलांना सांगतो की मोबाइलवर गजर लावा आणि गजर झाला की भाषा बदला, वाक्य अर्धे राहिले तरी चालेल.

स्वयंअध्ययन केंद्राविषयीही लिहिले पाहिजे, कारण त्याची माहिती सर्वांत कमी मुलांना असते. बर्लिनच्या मुक्त विद्यापीठातील केंद्र या बाबतीत नावाजलेले आहे. पातळीनुसार लावलेली पुस्तके, ध्वनिमुद्रणे, चित्रपट आणि परीक्षांचे सराव-संच तिथे असतात, पण त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे तिथे बसणारे भाषा-शिक्षण सल्लागार. हे सल्लागार शिकवत नाहीत. तुम्हाला भाषा कशासाठी हवी, आठवड्यात खरोखर किती तास मोकळे आहेत, आजवर काय करून पाहिले आणि ते का सुटले, असे प्रश्न विचारून ते तुमच्याकडूनच एक योजना लिहून घेतात, आणि तीन-चार आठवड्यांनी तिचे काय झाले ते विचारतात. या विचारामागे फ्रान्समधील नान्सी येथील 'क्रापेल' या भाषाशिक्षण-संशोधन केंद्राचे काम आहे. तेथील आंरी ओलेक यांनी १९७९ मध्ये युरोपीय परिषदेसाठी लिहिलेल्या अहवालात, स्वतःच्या शिकण्याची सूत्रे हाती घेण्याची क्षमता म्हणजे शिकणाऱ्याची स्वायत्तता, अशी मांडणी केली होती.

आपल्याकडे शिक्षकाने शिकवावे आणि विद्यार्थ्याने उतरवून घ्यावे, अशी घडण झालेली असल्यामुळे सल्लागाराकडे जाऊन आलेला मुलगा प्रथम 'त्यांनी काहीच सांगितले नाही' अशी तक्रार करतो. माझे मत असे की आपली मुले या सोयींकडे जात नाहीत त्याचे मुख्य कारण आळस किंवा वेळेची टंचाई हे नसून हेच आहे : जिथे कोणी हजेरी घेत नाही आणि गुण देत नाही, ते आपण शिक्षण मानत नाही.


रोखठोक :

शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे, परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष माझ्या बाजूचा आहे. हजेरी आणि गुण नसलेले शिक्षण मी गोदामातच घेतले की!

एक सुधारणा मात्र स्वीकारतो. मला जे जर्मन येते त्यात मी ट्रक उतरवू शकतो आणि शेजाऱ्याशी भांडू शकतो. कर-कार्यालयाला पत्र लिहायचे असेल तर आजही मित्राला फोन करावा लागतो. लेखन-मार्गदर्शनासारखी सोय विद्यार्थी असताना माहीत असती तर मी गेलो असतो की नाही, हे सांगता येत नाही, पण ती माहीत नव्हती हे खरे. पहिल्या आठवड्यातील परिचय-सत्रात भाषाकेंद्राला दहा मिनिटे मिळतात आणि त्यात फक्त वर्गांचे वेळापत्रक दाखवतात. हा दोष विद्यार्थ्यांचा नाही.


दक्षिणायन :

बरोबर आहे. त्यात भर म्हणून सुट्टीतील सघन वर्गांचा हिशेब देतो, कारण चौकस यांनी त्यांचा केवळ उल्लेख केला आहे. फेब्रुवारी-मार्च आणि ऑगस्ट-सप्टेंबर या काळात तासिका नसतात. तीन आठवड्यांच्या सघन वर्गात रोज चार-पाच तासिका धरल्या तर ६० ते ७५ तासिका होतात, म्हणजे अख्ख्या सत्राच्या वर्गाहून अधिक. दोन सुट्ट्या अशा वापरल्या आणि सत्रातील वर्ग तीन वेळा केला तर ३०० च्या आसपास बेरीज जाते. ए-२ घरून करून आलेल्याला बी-१ गाठायला एवढे पुरेसे आहे, आणि मेहनती असेल तर तो बी-२ च्या वर्गातही पाय ठेवील. अडचण एवढीच की त्याच सुट्टीत परीक्षा असतात आणि कमाईची संधीही त्याच काळात असते. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करण्याची मुभा आहे. त्यातले पंधरा दिवस एका सुट्टीत भाषेला दिले तर आर्थिक गणित कोसळत नाही.

श्रेयांकांबाबत मात्र आधी विचारावे. भाषावर्गाचे श्रेयांक पदवीत धरले जातात की नाही, हे भाषाकेंद्र ठरवत नाही. तुमच्या अभ्यासक्रमाची परीक्षा-नियमावली ठरवते.


गोदाकाठ :

सर्वांचे मनापासून आभार. विम्याचे काम या आठवड्यातच सुरू करतो. एक शंका राहिली आहे. टँडमच्या अर्जात 'तुम्ही कोणती भाषा देऊ शकता' असा रकाना आहे. मी मराठी लिहिले तर जोडीदार मिळेल का, की इंग्रजीच लिहावे?


चौकस :

दोन्ही लिहा आणि हिंदीही लिहा. इंग्रजीला मागणी असते, पण काही जणांना इंग्लंड-अमेरिकेकडचाच जोडीदार हवा असतो. जिथे भारतविद्येचा किंवा दक्षिण आशिया अभ्यासाचा विभाग आहे, तिथे हिंदीला हमखास कोणीतरी भेटते. मराठीसाठी वाट पाहावी लागेल. हायडेलबर्गला मात्र मराठीची परंपरा आहे. खंडोबा आणि धनगरांच्या ओव्यांवर काम करणारे गुंथर सोंथायमर तिथलेच प्राध्यापक होते. तुमच्या गावी विचारणा करताना भाषाकेंद्राच्या अर्जावर थांबू नका, त्या विभागाच्या सूचनाफलकावरही एक चिठ्ठी लावा, आणि चिठ्ठीत आठवड्यातला मोकळा वार व वेळ स्पष्ट लिहा. वार न लिहिलेल्या चिठ्ठीला सहसा कोणी उत्तर देत नाही.